काळी तार

अकोला, ११ जानेवारी २०२६

प्रिय धर्मेंद्र,

अनेक आशीर्वाद. वर्षभरात तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल क्षमा कर. लिहायला बसायचे. पहिलं वाक्य व्हायचं, आणि त्याच्या मागे कोणतं वाक्य येऊन उभं राहणार हे दिसलं की पेन खाली ठेवायचे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू बोलतोस आणि मी ‘हं’ म्हणते. कागदावर मला मधात तोडायला कोणी नाही.

परवा समन्स आलं. दोन फेब्रुवारी, अमरावती, सत्र न्यायालय. त्याच संध्याकाळी तुझ्या बायकोचे, शालूचे, दोन मिस्ड कॉल आले, म्हणजे तुम्हालाही कळलं आहे.

मी बरी आहे. हे तेल्हाऱ्याला बँकेत, शनिवारी येतात. मला कॉलेजशिवाय आणखी एक काम लागलं आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्राचं पुस्तक मराठीत होतं आहे, त्यातला एन्ट्रॉपीचा धडा माझ्याकडे आला. त्यात ‘डीजनरसी’ला मराठी शब्द हवा होता. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी शब्दकोश उघडला आणि पहिला सापडला तो अर्थ लिहून पाठवला. त्यामुळे वाक्य असं झालं: ‘p कक्षकांचे अधःपतन तिहेरी असते.’ स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसलो. मी सगळ्यांत जास्त हसले, आणि सगळ्यांच्या आधी थांबले.

खरा अर्थ साधा आहे. रचना वेगवेगळ्या, पण ऊर्जा एकच. बाहेरून मोजणाऱ्याला एकच आकडा दिसतो, आणि त्या आकड्यामागे आत किती वेगळ्या अवस्था लपल्या आहेत ती संख्या म्हणजे डीजनरसी.

आता दुसरं. खाली जे लिहिते आहे ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण साक्षीत मला हे सलग सांगावं लागेल, आणि हात कुठे अडखळतो ते मला आधी पाहायचं आहे.

एप्रिल २०२४. मी सुट्टीत घरी आले होते. दुपारी मी आणि शालू गच्चीवर कुरड्या घालत होतो. शालू पाणी आणायला खाली गेली. गच्चीवरून आपली विहीर दिसते, मोटारघर दिसतं, झेंडूचं वावर दिसतं. त्या महिन्यात शिवारातल्या मोटारी फोडून तांब्याची तार चोरणं चाललं होतं. तुझीही मोटार गेली, भेंडी उभी वाळली. चोर सापडला तर काय करायचं ते टपरीवर ठरलं होतं, आणि हसत हसत ठरलं होतं.

विहिरीवर एक माणूस पाणी प्यायला थांबला. सहदेव हे नाव मागून कळलं. धामणगाव रेल्वेकडचा, आपल्यासारखाच भाजी पिकवून विकणारा. मोटारसायकलच्या हँडलला खताची पिशवी, पिशवीत तांब्याची काळी तार. तुम्ही सहा जण मोटारघराच्या सावलीत होता. तू, सागर, आणि बाकीचे चौघे. कोणीतरी पिशवीत हात घातला.

पहिली लाथ कोणाची ते मला दिसलं नाही. खरंच दिसलं नाही, तुमच्या पाठी होत्या. तो पडला. तो ओरडत होता, ‘माही तार हाय! माही मोटार जळली, माहीच तार हाय!’ मला वरून ऐकू आलं. तुम्ही त्याच्या अंगावर होता, तुम्हाला ऐकू आलं नाही. कोणी त्याच्या पोटावर उभं राहिलं. कोणी त्याला केसाला धरून पाटाच्या पाण्यात तोंड बुडवलं आणि विचारलं, ‘किती मोटारी फोडल्या?’ पाण्यातून माणूस काय सांगणार? वर काढला की खोकायचा, खोकला की मार.

मग मोटारघरातला लोखंडी पाइपपाना आला. पहिला घाव जबड्यावर. आवाज गच्चीपर्यंत आला. दुसरा कानावर. तेव्हा सागर त्याच्यावर आडवा पडला, दोन्ही हात त्याच्या डोक्यावर. ‘दादा, बस्स! मरून राहिला तो!’ पाना तिसऱ्यांदा खाली आला तो आधी सागरच्या बोटांवर आणि मग जिथे यायचा तिथे. पाटातलं पाणी झेंडूच्या सरीत लाल होऊन गेलं. मी ओरडत जिना उतरले, अँब्युलन्स मीच बोलावली, पण दवाखाना येईपर्यंत सहदेव गेला होता.

पाना कोणाच्या हातात होता? इथे हात अडखळला. पुढे लिहीत नाही.

पोलिसांनी मला विचारलं, किती जण होते. मी सहा म्हणाले. त्यांनी त्यापुढचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तार त्याचीच होती हे दुसऱ्या दिवशी कळलं. जळलेली मोटार नव्या तारेने भरायला टाकली की दुकानदार जुनी जळकी तार गिऱ्हाइकाला परत देतो. सहदेव ती घेऊन घरी चालला होता. चोर वरचं आवरण जावं म्हणून तार जाळतात, ती काळी होते. मोटार जळते तेव्हाही आतली तार काळीच होते. पिशवीत दिसते ती एकच गोष्ट, काळी तार. तिच्यामागे वाटा दोन. तुम्ही सहा जणांनी एकच वाट धरली.

शास्त्र म्हणून हा दाखला सैल आहे, मला माहीत आहे. धड्यात घालणार नाही. तुला लिहिला.

तुझी,
मंजुषाताई

अकोला, १७ जानेवारी २०२६

प्रिय धर्मेंद्र,

तुझा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते, मुलं आजूबाजूला होती, म्हणून धड बोलता आलं नाही. तू मात्र धड बोललास.

‘काहून लिहिलं वो ताई हे सारं? कागदावर? भैताड झाली का तू?’

‘नाव लिहिलं नाही.’

‘मेहरबानी तुयी! सहा जनं व्हतो. धूळ किती उडाली व्हती. कोनाचा हात लागला ते मले मालूम नाई, तं तुले गच्चीवरून कसं दिसलं?’

‘दिसलं.’

‘वकीलसाहेब काय म्हन्ते, सहातला कोनीबी असू शकते. त्याच्यावरच तं बेल भेटली. तू एवढंच म्हन, गर्दी व्हती. खोटं हाय का? गर्दी नव्हती?’

‘होती.’

‘मंग!’

त्या ‘मंग’चं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. इथे देते.

तीन वाफे घे आणि तीन बादल्या पाणी. बादल्या सगळ्या सारख्या. एकूण पाणी तीन बादल्या, हे ठरलेलं. ते वाफ्यांत किती रीतींनी जाईल? तिन्ही बादल्या एकाच वाफ्यात, तर तीन रीती, कारण तो वाफा तिन्हींपैकी कोणताही असू शकतो. एकात दोन, एकात एक आणि एक कोरडा, तर सहा. प्रत्येकात एकेक, ती एकच. एकूण दहा. बांधावर उभा राहून जो फक्त ‘तीन बादल्या गेल्या’ एवढंच मोजतो, त्याला हे दहाही सारखे. वाफ्यांच्या जागी रेणू ठेव आणि बादल्यांच्या जागी ऊर्जेचे सारखे वाटे, की हाच हिशेब रसायनशास्त्राचा होतो. रीतींच्या संख्येला आम्ही W म्हणतो आणि एन्ट्रॉपी काढतो: S = k ln W. k हा एक ठरलेला आकडा, ln म्हणजे लॉगरिदम. रीत एकच असेल तर लॉगरिदम शून्य, एन्ट्रॉपी शून्य. रीती वाढल्या की एन्ट्रॉपी वाढते. समितीला मी ‘समऊर्जीपणा’ हा शब्द सुचवला आहे, बघू.

तुमचे वकील हेच करताहेत. सहा जण, एक पाना, म्हणजे सहा रीती. मग ते म्हणतील, पाना हातोहात गेला असेल. रीती आणखी वाढल्या. बाहेरून दिसतं ते एकच: एक मेलेला माणूस. W जितका मोठा तितका प्रत्येकाचा वाटा पातळ. त्यांचं कामच ते, मी दोष देत नाही.

पण पाच जणांचा वाटा पातळ झाला तो सागरच्या अंगावर घट्ट झाला. रस्त्यावरून कोणीतरी मोबाइलवर जे काढलं त्यात तुमच्या पाठी आहेत आणि चेहरा एकट्या सागरचा. त्याचे हात सहदेवच्या डोक्यावर. पोलिसांनी लिहिलं, ‘मयतास धरून ठेवणारा.’ त्याची बोटं मोडली ती ठोसे मारून मोडली, असंही लिहिलं. तुम्ही पाच जण बाहेर. तो पावणेदोन वर्षं आत.

धरणारा हात आणि झाकणारा हात चित्रात सारखाच दिसतो, धर्मेंद्र.

शास्त्रात अशा एकसारख्या दिसणाऱ्या अवस्था वेगळ्या करता येतात. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावायचं. मग तीच पातळी फुटते, एकीच्या तीन होतात, आणि कोण कुठे ते दिसायला लागतं. फरक नव्हता असं नसतं. विचारणारं कोणी नव्हतं.

तू म्हणशील, ताई क्लास घेऊन राहिली. हो. सरळ बोलायची हिंमत होईपर्यंत मला एवढंच येतं. आणि एक लिहून टाकते, नाहीतर वर केलेला हिशेब अर्धा राहील: बांधावरून दहा रीती सारख्या असतील, पण जो वाफा कोरडा राहिला त्याला त्या सारख्या नसतात.

मंजुषाताई

अकोला, १९ जानेवारी २०२६

धर्मेंद्र,

काल सागरची आई येऊन गेली. तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

पार्बताबाई अमरावतीहून एसटीने आल्या, पिशवीत मेथी घेऊन. पाणी दिलं तर घेईनात. खुर्चीवर बसा म्हटलं तर खाली बसल्या. म्हणाल्या, ‘मास्तरीनबाई, मी भीक मागाले नाई आली. मले एकच सांग. माह्या पोरानं त्याले धरलं व्हतं का झाकलं व्हतं?’

मी मेथी आत ठेवून आले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सागरचं सांगत बसल्या, मेथी निवडावी तशा आवाजात. आत त्याला मारलं. बराकीतल्याच कोणी. तोंडावर चादर टाकून लाथा घातल्या, खालचे दोन दात पाडले. ‘तोंड बंद ठेव’ म्हणून निरोप होता. निरोप कोणाचा ते सागर आईला सांगत नाही. मोडलेली बोटं वाकडीच जुळली आहेत, ताटातला घास उचलताना सांडतो. मग म्हणाल्या, ‘मी सहदेवच्या बायकोकडे गेल्ती, पाय धराले. तिनं माह्या तोंडावर थुकलं, वरतून चप्पल मारली. बरं केलं. माह्या नवऱ्याले कोनी असं मारलं असतं तं मी इळा घातला असता.’

मी म्हणाले, ‘झाकलं होतं.’

पावणेदोन वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला. त्या रडतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली, जणू बाजारात भाव विचारला आणि तो त्यांना आधीच ठाऊक होता. ‘मंग कोर्टात सांग ना वो. तुया भाऊ हाय, मले समजते. माहा बी पोरगा हाय.’

त्या गेल्यावर मी पळवाट शोधली. प्रामाणिकपणे सांगते, खूप शोधली. ‘सागरने झाकलं होतं, पण मारणारा दिसला नाही.’ हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. ज्या बाईला पाना बोटांवर पडलेला दिसला तिला पान्यामागचा हात दिसला नाही, हे कोण मानेल? ‘कोणापासून झाकलं?’ हा पुढचाच प्रश्न. सागरला सोडवणारा शब्द आणि तुला धरून देणारा शब्द एकाच वाक्यात येतात. दोन वाक्यं करून पाहिली, होत नाहीत.

कॉलेजात असताना बसस्टँडवर माझ्या मागे लागणाऱ्या त्या मुलाचा तू कान फाडला होतास. शर्टाला रक्त लावून घरी आलास, मी तुला हळदीचं दूध दिलं, आणि मला काय वाटलं ते आठवतं: अभिमान. हे लिहिलं पाहिजे असं वाटलं. तुझ्या हाताची मला भीती कधी वाटायला लागली याची तारीख मला सांगता येते, पण तो हात त्या दिवशी वेगळा झाला असं मला म्हणता येत नाही.

मंजुषा

अकोला, २४ जानेवारी २०२६

धर्मेंद्र,

अक्षर वाकडं आहे. कारण तुला माहीत आहे, तरी लिहिते, तू नंतर ते वेगळं आठवू नयेस म्हणून. आणि मीही.

काल दुपारी तू आलास. वांग्याचं भरीत आणि भाकरी खाल्लीस, भरीत तिखट झालं म्हणून हसलास, दुसरी भाकरी मागून घेतलीस. मला वाटलं, संपलं, माझा भाऊ आला आहे. मग खिशातून पुडी काढलीस.

‘शालूनं धाडला. घे. तीळगूळ घे, गोड गोड बोल.’

मी घेतला.

‘कोर्टात,’ तू म्हणालास.

मी म्हणाले, पत्रात लिहिलं तेच, पार्बताबाईंना मी सांगितलं आहे. झाकलं होतं, असं.

तू उठलास. माझा उजवा हात मनगटाशी धरलास आणि दोन बोटं खुर्चीच्या पाठीवरून मागे वाकवलीस. घाई नव्हती तुला. विचारत होतास, ‘अजून काय सांगतलं? अजून?’ पहिलं बोट मोडल्याचा आवाज मला हातातून ऐकू आला, कानातून नाही. त्याच वेळी उघड्या दारात शेजारच्या साधनाताई आल्या, हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन.

‘अगंबाई, भाऊ आले वाटतं! भाऊबीज पुन्हा सुरू झाली का?’

तू हात सोडला नाहीस. वळून हसलास. ‘हो ना ताई, बहीन सोडूनच नाई राहिली!’

आणि मीही हसले. हे मला अजून समजलेलं नाही. माझं बोट तुझ्या मुठीत मोडलेलं होतं आणि मी हसून म्हणाले, ‘येते हं संध्याकाळी.’ साधनाताई खुशीत गेल्या. उद्या त्यांना शपथेवर विचारलं तर त्या सांगतील की बहिणीचा हात हातात घेऊन भाऊ उभा होता, दोघं हसत होते. त्यातला एकही शब्द खोटा नसेल.

त्या गेल्यावर तू दुसरं बोट मोडलंस. ‘पुढच्या टाइमाले बोटं नाई, गळा राहीन,’ म्हणालास. मग मला खाली बसवून, माठातलं पाणी गडव्याने माझ्या हातावर ओतलंस. तू रडत होतास. ‘ताई, मी आत मरून जाईन वो. सागरले मी काढतो, चांगला वकील देतो. तू फक्त थंडं होऊ दे. दोन-चार वर्सं गेले का सारं थंडं होते.’ ज्या हाताने बोटं मोडली त्याच हाताने पाणी ओतत होतास, आणि पाणी खरंच बरं वाटत होतं.

डॉक्टरांना मी सांगितलं, दारात सापडली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि तेच लिहिलं. ह्यांनाही आज तेच सांगितलं. घरी आल्यावर लक्षात आलं की मीही आता रीती वाढवते आहे. दार, खुर्ची, पडझड. अशाने मोडलेली बोटं राहतील आणि मोडणारा कोणीही असू शकेल.

ह्यांना मी आत्ता, हे पत्र लिहिता लिहिता उठून, खरं सांगून आले. ते पोलिसांत जाऊ म्हणतात. मी म्हणाले, दोन तारखेनंतर. आधी ज्याची पावणेदोन वर्षं गेली त्याचं.

मंजुषा

अमरावती, १ फेब्रुवारी २०२६

धर्मेंद्र,

संध्याकाळ आहे. मी अमरावतीतच आहे, माझी कॉलेजातली मैत्रीण रागिणी, तिच्याकडे. हे सोबत आहेत. घरी येणार नाही. हे पत्र रागिणीचा माणूस तुला आजच आणून देईल, म्हणजे उद्या तुला काही अचानक कळायला नको. तुझ्या वकिलाला दाखवायचं तर दाखव.

सकाळी शालूचा फोन आला. ‘ताई, तुमी बोलल्या तं मी लेकरं घेऊन त्याच इहिरीत उडी टाकीन. मंग बसा शिकवत.’ मी काही बोलायच्या आत फोन ठेवला तिने. ही धमकी असेल, किंवा खरं असेल. बाहेरून दोन्ही सारखंच ऐकू येतं, आणि ज्याला कळत नाही त्याने वाईटातलं वाईट धरून चालावं. म्हणून लगेच कोणाला तरी तिच्याजवळ बसव. शेजारच्या दुर्गाबाईंना बोलाव. लेकरं आज दुसरीकडे झोपू देत. मोटारघरात फवारणीची औषधं आहेत, त्याला कुलूप लाव आणि किल्ली तुझ्याकडेही ठेवू नकोस. हे माझ्यावरच्या रागाने टाळू नकोस, तुझ्या पाया पडते.

आता तुझ्या ‘थंडं होऊ दे’चं.

तुझं म्हणणं शास्त्राला धरून आहे, असं मला आठवडाभर वाटत होतं. पदार्थ थंड करत गेलं की रेणूंची हालचाल कमी होते, रीती कमी होतात, एन्ट्रॉपी उतरत जाते. शून्य केल्व्हिनला, म्हणजे ज्याच्याखाली थंडीच नाही तिथे, स्फटिक नीट बसलेला असेल तर एकच रीत उरते आणि एन्ट्रॉपी शून्य होते. मीच मुलांना दरवर्षी सांगते. पण धड्यात मला पुढचा परिच्छेद लिहायचा होता, आणि तो मोडक्या हाताने चार दिवस लिहीत होते.

कार्बन मोनॉक्साइड घे. त्याच्या रेणूला एक टोक कार्बनचं, एक ऑक्सिजनचं. स्फटिकात तो असा बसला काय आणि उलटा बसला काय, ऊर्जेत जवळजवळ फरक नाही. गोठताना जो जसा सापडला तसा अडकतो. मग कितीही थंड कर. हालचाल थांबते, पण प्रत्येक रेणू दोनपैकी कोणत्या बाजूने बसला आहे हा प्रश्न तसाच आत गोठून राहतो. दर रेणूमागे k ln 2 इतकी एन्ट्रॉपी उरते. मोजून पाहिली तर थोडी कमी भरते, हेही लिहायला हवं, पण शून्य होत नाही. थंडीने ती जात नाही. रेणू कोणत्या बाजूने आहे ते ठरलं तरच जाते.

दोन-चार वर्षांनी सगळं थंड होईल. सागर आतच असेल, किंवा तुझ्या चांगल्या वकिलाने बाहेर काढलेला असेल, ‘धरणारा’ हे नाव घेऊन. त्याच्या हातून घास सांडेल आणि बघणारा म्हणेल, ह्याच हातांनी धरला होता. सहदेवची बायको म्हणेल, सहा जणांनी मारला, आणि चोर होता की नव्हता हेही गावात दोन बाजूंनी बोललं जाईल. तू भेंडी लावशील. मी धडा शिकवीन. सगळे गार, आणि कोणीही कोणत्याही बाजूने बसलेलं चालेल.

मला ते चालणार नाही असं मी ठामपणे म्हणते आहे, पण हे धैर्य आहे की तू माझी बोटं मोडलीस त्याचा राग आहे, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. उत्तर नक्की येत नाही. राग आहे. खूप आहे. झोपेत मी तुझ्या हातातला पाना घेऊन तुझ्याच जबड्यावर मारते. पण जे उद्या सांगणार आहे ते मी गच्चीवरून पाहिलं तेव्हा माझी दहाही बोटं धड होती. म्हणून रागाने बोलले तरी ते खरंच राहील, एवढ्यावर मी थांबले आहे.

तेव्हा अकरा तारखेच्या पत्रात जिथे हात अडखळला ते वाक्य पुरं करते. पाना तुझ्या हातात होता. तिन्ही वेळा. पहिल्यांदा तू मारलास तेव्हा तो उठायचा प्रयत्न करत होता. दुसऱ्यांदा मारलास तेव्हा तो उठत नव्हता. तिसऱ्यांदा सागर मधे होता आणि तुला तो दिसला होता, कारण तू त्याला म्हणालास, ‘हट बे, नाईतर तुयाही नंबर लावतो.’ बाकीच्या चौघांनी लाथा मारल्या, पाण्यात तोंड बुडवलं. कोणी काय, ते जेवढं दिसलं तेवढंच सांगेन, जे दिसलं नाही ते नाही दिसलं म्हणेन. पहिली लाथ कोणाची ते मला माहीत नाही. तुमचे वकील त्यावर मला धरतील. धरू देत.

तुला फाशी होणार नाही असं सरकारी वकील म्हणाले. मी विचारलं होतं. विचारल्यावर त्यांनी मला पाणी दिलं. जन्मठेप होऊ शकते. मी भेटायला येईन. तू आला नाहीस तरी जाळीपलीकडे बसून राहीन.

त्यांनी आणखी एक सांगितलं. साक्षीत ‘माझा भाऊ’ एवढं म्हणून चालत नाही. रेकॉर्डवर कोण ते नीट यावं लागतं. मी खोलीत एकटी म्हणून पाहिलं आणि दरवेळी तुझ्या नावानंतर थांबले. तुझ्या नावापुढे लागतं तेच लग्नाआधी माझ्याही नावापुढे लागायचं.

उद्याचं काम: ‘कोण?’ विचारलं की पूर्ण नाव सांगायचं, वडिलांच्या नावासकट.